एकच वजन, वेगळी जाडी : हातठशाचा रुपया आणि यंत्राचा रुपया

वस्तुसंग्रहालयात अठराव्या शतकातील चांदीचे आठ-दहा रुपये शेजारी शेजारी मांडलेले असतील, तर पाहणाऱ्याला पहिल्यांदा जाणवतो तो त्यांचा विस्कळीतपणा. एक नाणे बुटके आणि जाड, दुसरे पसरट आणि पातळ. एकाची कड तडकलेली, दुसऱ्याची एका बाजूला चेपलेली. अक्षरे कुठे अर्धी, कुठे नुसती वरची टोके. एकोणिसाव्या शतकातील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी अशा नाण्यांना ओबडधोबड ठरवले आणि आपल्याकडील काही जुन्या पाठ्यपुस्तकांनीही तोच शेरा उचलला. मात्र हीच नाणी एकेक करून तराजूत घातली, की वेगळे चित्र दिसते. न झिजलेल्या नाण्यांची वजने एकमेकांच्या अगदी जवळ असतात, साधारण सव्वाअकरा ते साडेअकरा ग्रॅम. म्हणजे घडवणाऱ्याला काटेकोरपणा जमत नव्हता असे नाही. तो काटेकोरपणा कशाला लावायचा, हे त्याने ठरवलेले होते.

प्रस्तुत टिपणात आपण भारतीय चांदीच्या रुपयाची जाडी आणि त्यावरील ठसा यांतील फरक कसे निर्माण झाले, त्यांचा व्यवहारावर काय परिणाम झाला आणि यंत्राने ते फरक मिटवल्यावर कोणाचे काय गेले, हे पाहणार आहोत. विषय नाणकशास्त्राचा वाटला तरी यातला मुख्य प्रश्न आर्थिक इतिहासाचा आहे : नाणे खरे की खोटे, पूर्ण किमतीचे की कमी किमतीचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

रुपया म्हणजे छाप मारलेली चांदी

शेरशाह सुरीने १५४० ते १५४५ या आपल्या छोट्या कारकिर्दीत सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम वजनाचा चांदीचा रुपया रूढ केला. अकबराने तो स्वीकारला. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त गोल रुपयाचे वजन साडेअकरा मासे दिले आहे. हे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते आणि त्याची किंमत मुख्यतः त्यातील चांदीचीच होती. व्यापारी आपली चांदी टांकसाळीत आणून देत, ठरलेला आकार भरत आणि रुपये घेऊन जात. सुरतेत उतरणाऱ्या इंग्रज आणि डच कंपन्यांनी आणलेली स्पॅनिश नाणीही अशीच वितळून रुपये होत. म्हणून मुघल रुपयाला ‘छाप मारलेली लगड’ म्हणणे फारसे चुकीचे होणार नाही. छाप म्हणजे एवढी चांदी, एवढ्या कसाची, अमुक टांकसाळीने तपासली याची ग्वाही.

टांकसाळीतील कामाची वाटणी अबुल फजलने तपशिलाने नोंदवली आहे. देखरेखीला दारोगा, कस पाहायला सराफ, धातू वितळवणारे वेगळे. ‘जर्राब’ हा कारागीर चांदीच्या कांबीचे नाण्याच्या मापाचे तुकडे पाडी. इराण-तुराणात हे तुकडे खास ऐरणीशिवाय पाडता येत नाहीत, हिंदुस्थानातील कारागीर मात्र तसल्या साधनाशिवाय केसभरही फरक न पडू देता ते पाडतात, असे तो कौतुकाने सांगतो. दरबारी लेखकाचा अभिमान त्यातून वजा केला, तरी कौतुक कशाचे चालले आहे ते पाहा : वजनाचे. पुढे ‘सिक्काची’ ती चकती दोन ठशांमध्ये धरी आणि हातोडेवाला घाव घाली. दोन्ही बाजूंना एकाच वेळी छाप उमटे.

जाडीतील फरक नेमके या पायरीवर येतात. तुकडा वजनाला बरोबर केला जाई. जास्त भरला तर कातरला जाई. मग तो ठोकून गोल करायचा. किती ठोकायचा याला मोजमाप नव्हते. जास्त ठोकला तर पसरट, कमी ठोकला तर जाड. त्यावर ठशाचा घाव पडला की चकती आणखी थोडी पसरे, पण तिला सभोवती आवरून धरणारे कडे नसल्यामुळे ती कुठल्या बाजूला किती पसरेल याचा नेम नव्हता. घाव थोडा तिरका बसला, तर एका बाजूला नाणे पातळ आणि छाप खोल, दुसऱ्या बाजूला जाड आणि छाप पुसट. चकती थंड आणि कडक असेल तर कड तडके. घाव दुसऱ्यांदा घालताना नाणे किंचित सरकले, तर अक्षरांना सावली पडल्यासारखी दुहेरी छाप येते. संग्राहक अशा नाण्यांना आज जास्त पैसे मोजतात. त्या काळच्या बाजारात त्यांचे कोणाला अप्रूप नव्हते.

थोडे गणित करून पाहू. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम. साडेअकरा ग्रॅम चांदीचे घनफळ सुमारे १.१ घन सेंटिमीटर होते. चकती २२ मिलिमीटर व्यासाची असेल तर तिची सरासरी जाडी २.९ मिलिमीटरच्या आसपास येते. तीच चांदी २५ मिलिमीटरपर्यंत पसरवली तर जाडी सव्वादोनच्या घरात, आणि ३० मिलिमीटरपर्यंत नेली तर जेमतेम दीड मिलिमीटर. किंमत तिन्ही वेळा तीच. शेरशाहाचे रुपये बरेच पसरट आहेत; उत्तर मुघल आणि मराठा काळातील बहुतेक रुपये लहान आणि जाड आहेत. यावरून चांदी कमी झाली असा निष्कर्ष काढू नये. उलट जाड चकतीचा एक व्यावहारिक फायदा होता. वरच्या उदाहरणातील ३० मिलिमीटरच्या नाण्याचा उघडा पृष्ठभाग २२ मिलिमीटरच्या नाण्यापेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त भरतो. शुद्ध चांदी मऊ असते आणि ती झिजते पृष्ठभागावरून. हा हिशेब कोणी मनात धरून चकत्या लहान ठेवल्या, असा दावा मी करणार नाही. कमी ठोकण्यात श्रम वाचतात हे कारणही पुरेसे आहे.

नाण्याची जाडी वाढणे आणि वजन वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच नोंदवून ठेवू. जहांगीरने गादीवर आल्यावर रुपयाचे वजन आधी एक-पंचमांशाने आणि नंतर पावपट वाढवले. हा प्रयोग टिकला नाही. काही वर्षांतच जुने वजन परत आले. हा मात्र वजनातला खरा बदल होता आणि तो बादशहाच्या हुकमाने झाला होता. चकती कमी-जास्त ठोकल्याने येणारा जाडीतला फरक असा कोणाच्या हुकमाने येत नव्हता.

ठसा मोठा, चकती लहान

ठशाचा प्रश्न यापेक्षा गमतीचा आहे. हातठशाच्या रुपयाचा ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यावर बादशहाचे नाव, पदव्या किंवा फारसी पद्य, हिजरी साल, राज्यारोहणाचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव एवढा मजकूर कोरलेला असायचा. चकतीवर त्यातला जेवढा भाग येईल तेवढाच उमटे. म्हणून एका नाण्यावर टांकसाळीचे नाव दिसते पण साल नसते, दुसऱ्यावर साल असते पण नाव कापलेले. अभ्यासक अशा वेळी एकाच ठशाची अनेक नाणी जमवून, एकावर एक ठेवल्यासारखी वाचून पूर्ण मजकूर जुळवतात. टांकसाळीला पूर्ण ठसा उमटवता येत नव्हता असेही नाही. दरबारात नजर करण्यासाठी पाडलेल्या नजराणा नाण्यांत चकती मुद्दाम रुंद घेतलेली असते आणि सगळा मजकूर, कडेची नक्षीसुद्धा, स्वच्छ उमटलेली असते. बाजारात चालवायच्या रुपयासाठी तेवढे कष्ट घेण्याची कोणाला गरज वाटली नाही.

मराठी मुलखातील रुपये हे याचे चांगले उदाहरण. पेशवाईत पुणे, चांदवड, चिंचवड, बागलकोट अशा अनेक ठिकाणी टांकसाळी चालत, पुष्कळदा मक्त्याने. रुपयांवर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे, विशेषतः शाह आलमचे. फारसी अक्षरे इतकी तुटक उमटत की ती वाचून नाणे ओळखणे दुरापास्त. मग ओळख चाले ती चिन्हांवर. अंकुशाचे चिन्ह असलेला तो अंकुशी रुपया. ज्या गावी पाडला त्यावरून चांदवडी. जयपूरकडे झाडाच्या फांदीच्या चिन्हावरून झाडशाही रुपया होता, हैदराबादेत हाली सिक्का, कच्छमध्ये रुपयापेक्षा बरीच हलकी कोरी. चिन्ह लहान असते. ते चकतीवर येण्याची शक्यता लांब मजकुरापेक्षा जास्त. निरक्षर माणसालाही ते ओळखता येते.

या सगळ्याचा भार पडत होता तो नाणे घेणाऱ्यावर. त्याचे कारण समजण्यासाठी पुन्हा घनफळाकडे जावे लागेल. हातठशाच्या रुपयात वजन तेवढे निश्चित होते. व्यास आणि जाडी निश्चित नव्हती. समजा, कोणी तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून खोटा रुपया केला. तांबे चांदीपेक्षा हलके. त्याची घनता नऊच्या जवळपास. तेवढ्याच वजनाचा आणि तेवढ्याच व्यासाचा तांब्याचा रुपया खऱ्यापेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने जाड होईल. पण खरे रुपयेच जिथे कमी-अधिक जाडीचे, तिथे एवढा फरक कोणाला खटकणार? म्हणजे तराजू एकटा पुरेसा नव्हता आणि डोळाही नव्हता. नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकायचा, कसोटीवर घासायचे, शंका असेल तर कडेला किंवा पृष्ठभागावर बारीक टोचा मारून आतली चांदी पाहायची. आज जुन्या रुपयांवर चांदण्या, टिंबे, चंद्रकोरी अशा ज्या लहान खुणा दिसतात, त्यांतील बऱ्याच सराफांनी मारलेल्या आहेत. मराठीत ‘खणखणीत नाणे’, ‘बंदा रुपया’ हे शब्द माणसांनाही लावले जातात, ते या व्यवहारातले आहेत. यातही एक अडचण होती : कड तडकलेला रुपया चांदीने अस्सल असला तरी बद्द वाजतो. ठोकताना पडलेल्या चिरेचा दंड पुढे तो रुपया ज्याच्या हाती पडेल त्याला.

तो दंड म्हणजे बट्टा. परक्या टांकसाळीचा रुपया असेल तर बट्टा, झिजला असेल तर बट्टा, टोचलेला असेल तर बट्टा. बंगालमध्ये तर नुसत्या वयाचा बट्टा होता. नव्या वर्षाचा ‘सिक्का’ रुपया पहिल्या वर्षी पूर्ण किमतीचा; दुसऱ्या वर्षी त्यावर तीन टक्के आणि त्यानंतर पाच टक्के कापले जात व त्याला ‘सनवात’ म्हणत. चांदी तेवढीच असली तरी. सारा रोख भरावा लागणाऱ्या शेतकऱ्याला हे फार महाग पडे. पीक विकून हाती आलेले रुपये एका प्रकारचे, खजिन्यात मागणी दुसऱ्या प्रकारच्या रुपयांची, आणि मध्ये बसलेला सराफ दोन्हीकडचा दर सांगणारा. सराफांना सरसकट लुटारू ठरवणारे लेखन पुष्कळ आहे. ते मला एकांगी वाटते. इतक्या तऱ्हांच्या नाण्यांची किंमत सांगू शकणारे दुसरे कोणी समाजात नव्हते आणि त्यांच्या हुंड्यांवर मोठमोठी राज्ये चालत होती. पण या ज्ञानाची किंमत ज्याला ती परवडत नव्हती तो भरत होता, हेही खरे. ‘बट्टा’ या एकाच शब्दाला मराठीत नाण्यावरची कपात आणि नावावरचा डाग असे दोन्ही अर्थ आहेत.

कडा, दाते आणि अडवलेले साल

ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये हा बट्टा दोन बाजूंनी मोडायचा प्रयत्न केला. एक उपाय कागदी होता. शाह आलमच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष नाण्यावर कायमचे ठेवायचे. १७९३ च्या नियमाने हाच ‘१९ सन’ सिक्का रुपया बंगालमध्ये अधिकृत ठरला. साल बदलतच नाही म्हटल्यावर नवा-जुना हा भेद उरणार नाही, असा विचार. शाह आलमचा मृत्यू १८०६ मध्ये झाला, तरी १९ वे वर्ष चालूच राहिले. या काळातील नाण्यावरचे साल पाहून तारीख ठरवणारा विद्यार्थी इथे हमखास फसतो. त्याने कडेकडे पाहावे. दुसरा उपाय यांत्रिक होता आणि तो कडेवरच दिसतो. या रुपयांची चकती गोल, सारख्या जाडीची आणि कडेला आधी तिरक्या दात्यांची होती. १८१८ नंतरच्या रुपयांवर दाते सरळ झाले. १८३० च्या सुमारास कड साधी पण उंचावलेली झाली. त्याच १८१८ मध्ये वजन १७९.६६ ग्रेनवरून १९१.९१६ ग्रेनवर गेले, कारण चांदीत मिसळायच्या हिणाचे प्रमाण वाढवून बारात एक भाग केले. शुद्ध चांदी जवळजवळ तेवढीच राहिली. नाणे मात्र कडक आणि टिकाऊ झाले.

दाते केवळ शोभेसाठी नाहीत. दाते नसलेल्या जाड नाण्याची कड थोडी तासून घेतली तर ते कळत नाही. दाते असतील तर तासलेली जागा लगेच उघडी पडते. उंच कडेमुळे मधल्या छापेवर घर्षण कमी होते. शिवाय जाडी सारखी असली की रुपयांची चळत रचता येते आणि वीस-वीसच्या चळती नजरेने पडताळता येतात. हातठशाच्या रुपयांची धड चळत राहतच नाही. ते थैलीत भरून मोजावे आणि तोलावे लागत.

१८२९-३० च्या सुमारास कलकत्ता आणि मुंबई येथे वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या नव्या टांकसाळी सुरू झाल्या. यंत्रे इंग्लंडच्या बोल्टनच्या कारखान्याची. मुंबईची इमारत बॉम्बे इंजिनिअर्सचे कॅप्टन जॉन हॉकिन्स यांनी उभारली. कलकत्त्यात कस तपासणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप, पुढे १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा तोच. रोज नाण्यांचे वजन आणि कस पाहणारा माणूस जुन्या नाण्यांवरील अक्षरांच्या नादी लागला, यात नवल नाही. मग १८३५ च्या १७ व्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया आला : १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, एका बाजूला चौथ्या विल्यमचा मुखवटा. बादशहाचे नाव गेले. व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर, म्हणजे सरासरी जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा, त्यामुळे रुपया हे घरोघरचे वजनही झाले. सोनाराकडे आणि वाण्याकडे तो मापाच्या जागी वापरला जाऊ लागला.

तांत्रिकदृष्ट्या काय घडले ते नीट लक्षात घ्या. आता वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी निश्चित झाल्या. तिन्ही निश्चित म्हणजे घनता निश्चित, आणि घनता निश्चित म्हणजे धातूची लबाडी अवघड. खऱ्याच मापाचा तांब्याचा रुपया केला तर तो सुमारे आठव्या हिश्शाने हलका भरेल; वजन बरोबर ठेवले तर तो जाड होईल आणि चळतीत डोके वर काढील. कसोटी आणि कान यांचे काम बऱ्याच अंशी तराजू आणि चळत करू लागली. दोन टक्क्यांहून अधिक झिज नसेल तर रुपया पूर्ण किमतीने स्वीकारला पाहिजे असे कायद्यानेच सांगितले. पूर्वी नाण्याची किंमत घेणारा पारखून ठरवी. आता ती देणाऱ्या सरकारने आधीच ठरवलेली होती.

बाजाराची सवय मात्र लगेच सुटली नाही. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८४० हे साल पुढे अनेक वर्षे तसेच छापले गेले आणि १८६२ हे साल १८७४ पर्यंत. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा लावतील ही धास्ती त्यामागे होती, असे कारण सांगितले जाते. मुंबई टांकसाळीने १८६२ च्या रुपयांवर बारीक टिंबांनी खरे वर्ष नोंदवले. टांकसाळीला हवी ती माहिती नाण्यावर आहे, बाजाराला दिसू नये अशा रीतीने आहे. यंत्राच्या नाण्यांतही फरक असतातच, फक्त ते असे भिंगातून पाहण्याजोगे : १८४० च्या रुपयावर राणीचे नाव कधी सलग ओळीत, कधी मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेले.

संस्थानांत हातठसा बराच काळ टिकला. १८७६ च्या कायद्यानंतर अलवर आणि बिकानेर यांनी आपले रुपये राणीच्या मुखवट्यासह कलकत्त्यात पाडून घेतले. बडोद्यात सयाजीराव तिसरे यांच्या काळात यंत्राचा, त्यांच्या स्वतःच्या मुखवट्याचा रुपया निघाला. हैदराबादेत विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारचे चित्र असलेला. दख्खनचे अंकुशी, चांदवडी यांसारखे रुपये बट्ट्याने खजिन्यात जमा होत गेले आणि वितळून नव्या रुपयांत गेले. एके काळी लाखांनी चालणारे नाणे आज संग्रहात मोजके दिसते, त्याचे हे मोठे कारण.

चांदीपासून सुटलेला रुपया

१८७० नंतर जगभर चांदीचा भाव घसरत गेला. ज्याला चांदी आणून देता येईल त्याला रुपये पाडून मिळत होते, तोवर रुपयाची किंमत चांदीबरोबर खाली येणे अटळ होते. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी भारतातील टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. त्या दिवसानंतर रुपया दिसायला तोच राहिला : तेच १८० ग्रेन, तीच जाडी, तेच दाते. पण तो आता छाप मारलेली लगड नव्हता. त्याची किंमत सरकार किती रुपये पाडते यावर, आणि पुढे एक शिलिंग चार पेन्स या ठरवलेल्या दरावर अवलंबून राहिली. बचत म्हणून दागिने साठवणाऱ्या घरांना याचा फटका थेट बसला. पूर्वी अडीनडीला चांदीचे कडे टांकसाळीच्या दराच्या आसपास रुपयांत बदलता येई; आता कड्यातली चांदी आणि रुपयातली चांदी यांचे भाव वेगळे झाले. पाटल्या-तोड्यांच्या वजनात ग्रॅमचाही फरक पडला नव्हता.

किंमत चांदीहून जास्त झाली की खोटे नाणे पाडण्यात नवा नफा येतो, अगदी खऱ्या चांदीतसुद्धा. त्यामुळे छाप आणि कड यांना पुन्हा महत्त्व आले, या वेळी वजनाची ग्वाही म्हणून नव्हे तर नक्कल अडवण्यासाठी. १९४० मध्ये युद्धामुळे रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा दात्यांच्या मधोमध खाच असलेली खास सुरक्षा-कड त्याला देण्यात आली. १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला आणि चालू नाण्यातून चांदी गेली.

प्रत्यक्ष अभ्यासासाठी एक सूचना. नाण्यांच्या बहुतेक छापील सूचींत धातू, वजन आणि आकारमान दिलेले असते, जाडी क्वचित. जवळच्या संग्रहालयात परवानगी मिळाली तर एकाच टांकसाळीचे पाच-सहा हातठशाचे रुपये घ्या. प्रत्येकाची जाडी तीन ठिकाणी मोजा, वजन करा, ठशाचा कोणता भाग चकतीबाहेर गेला आहे त्याचे रेखाटन करा आणि सराफाच्या खुणा मोजा. नंतर १८३५ च्या एका रुपयाची तशीच नोंद करा. खुणांचा रकाना बहुधा रिकामा राहील.